आखणीचा परिच्छेद

३ फेब्रुवारी, रोहा

परत उलटवलं! सकाळी शाळेत जाण्याआधी नीट केलेला अख्खा परिच्छेद, दुपारी येऊन बघते तर पुन्हा पहिल्यासारखा. ऑनलाइन ज्ञानकोशातला 'पेणच्या गणेशमूर्ती' हा लेख मी शून्यातून उभा केला. त्यातला आखणीचा परिच्छेद — मूर्तीचे डोळे रंगवण्याचा — माझा सगळ्यात लाडका. आणि हा कोण 'भोगावतीकाठ' नावाचा सदस्य, रोज येऊन त्याचे तुकडे करतो. माझ्या एका डौलदार वाक्याची चार केली. 'सें.मी.' खोडून 'सेंटीमीटर'. कंस काढले. वर कारण काय लिहिलंय — "वाचायला सोपे केले."

कोणाला सोपं? इतकी वर्षं मराठी शिकवतेय मी!

५ फेब्रुवारी

मी उलटवलं. त्यानं उलटवलं. मी परत.

६ फेब्रुवारी

आज हद्द झाली. 'शेजारचे छायाचित्र पाहा' एवढंच मी लिहिलं होतं. ते काढून तिथं चित्राचं वर्णन घातलंय — "वरच्या पापणीची रेघ नाकाजवळ जाड सुरू होते आणि कानाकडे जाताना केसाइतकी बारीक होते." अरे, चित्र आहे ना शेजारी! मग सांगायचं कशाला?

तक्रार टाकली. ज्ञानकोशातली भांडणं प्रचालक सोडवतात, त्यांना लिहिलं — या सदस्यास संपादनास बंदी करावी. निलेश शिफ्टवरून आला. जेवताना म्हणाला, "अगं, तो असं का करतोय ते विचारलंस का त्याला?"

नवरा माझा, आणि बाजू भोगावतीची!

८ फेब्रुवारी

प्रचालकांचं उत्तर : दोघांनीही लेखाला हात लावू नये, आधी चर्चा पानावर बोलावे. दोघांनीही! मला त्याच्या पंक्तीला बसवलं.

रागारागात चर्चा पानावर लिहिलं, "आपल्याला लांब वाक्यांचे एवढे वावडे का?"

९ फेब्रुवारी

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

"मॅडम, मला दिसत नाही. मी लेख ऐकतो. मोबाइल वाचून दाखवतो. तुमच्या 'सें.मी.'पाशी तो अडखळतो, कंसात हरवतो. आणि 'छायाचित्र पाहा' आलं की माझा लेख तिथंच संपतो. हे आधी सांगायला हवं होतं. पण प्रत्येक ठिकाणी आधी तेच सांगायचं, याचा कंटाळा येतो हो. — रघुनाथ, पेण."

शेवटून ती ओळ परत वाचली. माझा लेख तिथंच संपतो...

तक्रार मागे घेतली. माफी लिहिली, तीन वेळा खोडून.

१० फेब्रुवारी

इयरफोन घालून, डोळे मिटून लेख ऐकला. माझं ते डौलदार वाक्य! शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरले — मीच लिहिलेलं! त्यांची चार वाक्यं मात्र एकेक करून समोर येऊन उभी राहिली.

२२ फेब्रुवारी

आज पेणला जाऊन आले. रघुनाथराव एसटी स्टँडवर स्वतः घ्यायला आले होते, हातात पांढरी काठी. बँकेतून निवृत्त. नजर चाळिशीनंतर हळूहळू गेली, म्हणाले — पाऊस थांबला सांगावं तितक्या सहज.

त्यांचा मोबाइल इतक्या वेगानं वाचत होता की मला भुंगा गुणगुणतोय असं वाटलं. एक शब्द कळेना. आणि ते त्यातून ऱ्हस्व-दीर्घ पकडतात! मग म्हणाले, "तुमचे स्वल्पविराम आवडतात मला. तिथं यंत्रसुद्धा श्वास घेतं."

मला आजवर इतकं बारीक कोणी वाचलं नव्हतं.

विचारलं, पापणीची रेघ तुम्हाला कळली कशी? "चला, दाखवतो." रिक्षानं जवळच्या हमरापूरला नेलं, वैशाली काम करते त्या मूर्तींच्या कारखान्यात. तिथली आखणी तीच करते. "काका, आज पावणी पण हाय!" म्हणाली. रघुनाथरावांनी हात पुढे केला. तिनं कोरडा ब्रश घेतला आणि त्यांच्या तळव्यावर एक रेघ ओढली. पहिल्यांदाही तिनं त्यांना अशीच सांगितली होती म्हणे.

मग माझा हात. "डोळे मिट गो ताई. उघडायचं नाय. आता श्वास धर — मी पण धरते."

ब्रश टेकला. जाड, ओलसर वाटावा असा जड. मग हलका. आणखी हलका. आणि मग — कधी उचलला ते कळलंच नाही! रेघ संपली, तरी तळव्यावर चालतच राहिली.

दरवर्षी बघते मी गणपतीचे डोळे. आज पहिल्यांदा कळले. अंगावर आलेला काटा परतीच्या एसटीत वडखळ गेलं तरी उतरला नव्हता.

२४ फेब्रुवारी

चर्चा पानावर दोघांनी मिळून ठरवलं. 'सेंटीमीटर' राहिला. कंस गेले. चित्राचं वर्णनही राहिलं, चित्राच्या खाली. माझं वाक्य तोडलं — वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मूर्ती वाळण्याचं दुसरं एक लांबलचक वाक्य होतं, ते मी तोडायला निघाले तर त्यांनीच अडवलं. "राहू द्या. वाळायला वेळ लागतोच."

रेघ ओढताना श्वास धरतात, हे मला घालायचं होतं. तर लगेच त्यांचा प्रश्न, "स्रोत?" छापील आधार नाही! "नियम तो नियम, मॅडम." खूप हसले. नाही घातलं.

८ मार्च

वैशालीनं मोबाइलवर फोटो पाठवलाय. एक मूर्ती, डोळे आखून झालेले. खाली तिचा आवाज — "ताई, यातला एक डोळा काकांनी आखलाय. हात मी नाय धरला. डाव्या अंगठ्यानं पापणी चाचपली नि ओढली रेघ. ओळख बघू, कुठला?"

फोटो मोठा करकरून पाहिला.

नाही ओळखता आला.