आधी टेकू

३ मार्च
छपराला भोक पाडायचं ठरलं! माळ्यावरच्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो, म्हणून नवरा छपरात बसवायची काचेची खिडकी घेऊन आला. छप्पर सासऱ्यांनी स्वतः घातलेलं. त्यांना विचारायला हवं — पण विचारणार कोण? त्यांनी केलेला दरवाजा काढून नवऱ्याने कारखान्यातला बसवला, तेव्हापासून बापलेकांचा अबोला. मध्ये मी, बिनपगारी पोस्टमन.

४ मार्च
विचारलं. सासरे जिन्याच्या पायरीवर बसून गुडघे चोळत होते. म्हणाले, "त्या अकलेच्या कांद्याला सांग, वाशाला हात लावायच्या आधी खालून टेकू दे म्हणावं. नाहीतर छप्पर डोक्यावर घेऊन नाचेल गाढव." मग शेजारच्या वाशांना जोडीचे वासे ठोकायचे, कापलेल्या वाशाची टोकं आडव्या दुहेरी लाकडांना जोडायची, वगैरे.

निरोपातून शिव्या मी नेहमीच गाळते. म्हणून तर हे घर चाललंय! नवऱ्याला सांगितलं — बाबा म्हणतात, शेजारच्या वाशांना जोड दे, कापलेली टोकं आडव्या लाकडांना जोड. "एवढंच?" म्हणाला. एवढंच.

७ मार्च
जोडीचे वासे ठोकून झाले. नवरा शीळ घालत करवतीला धार लावतोय. लक्षण काही ठीक नाही.

८ मार्च
मधला वासा कापला आणि — कर्रर्र! वरचा तुकडा खाली बसला, कौलं घसरली. नवरा दोन्ही हातांनी छप्पर तोलून मला हाका मारतोय. मी नुसती किंचाळले. सासरे गुडघे विसरून जिना चढले, कापल्या वाशाखाली खांदा दिला, मला फळी आणायला पिटाळलं. फळी उभी ठोकून टेकू दिला, तेव्हा कुठे दोघांनी हात खाली घेतले.

"आधी टेकू दे म्हणून सांगितलं होतं ना, गाढवा!"

"मला कोणी सांगितलं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. टेकूची सगळी गोष्टच शिव्यांत गुंडाळलेली होती — मी ती शिव्यांसकट गाळली! कुणाच्या डोक्यात वासा पडला असता म्हणजे?

११ मार्च
दोघांनी मिळून खिडकी बसवली. माझ्याशी कुणीच बोलत नाही. जेवताना मीठसुद्धा एकमेकांकडेच मागितलं, तेही शिव्या देऊन. मी डोळे पुसत वाढत राहिले. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.