तू ओतलेलं पाणी

जरमाना, दमास्कस
२ नोव्हेंबर २००७

प्रिय साजिदाताई,

तुला आणि भाऊजींना सलाम. आम्ही ठीक आहोत. मुलं शाळेत जातात, त्यांच्या बोलण्यात आता इथलेच हेल आलेत. थंडी सुरू झाली, रॉकेलच्या रांगाही. तुझ्या अंगणातल्या नारिंगाला यंदा फळ धरलं का?

आईचं तू मागच्या पत्रातही विचारलं होतंस. सांगते.

तिच्या डायलिसिसचा खर्च निर्वासितांना मदत करणारी एक संस्था उचलायची. गेल्या महिन्यात निरोप आला, घर बघायला बाई येईल, मग पुढचं ठरेल.

आईने सकाळीच कंबर कसली. शेजारच्या उम्म सिनानकडून गालिचा आणला. आमच्या फाटक्या गाद्या गच्चीवर लपवल्या. भाज्यांत भात भरून दोल्मा केला, कोकराच्या मटणाचा भात केला, खजूर भरून क्लेचा भाजल्या. मटण कुठून आलं विचारू नकोस. तिचे डूल आता तिच्या कानात नाहीत.

"आई, ती आपली अडचण बघायला येतेय, जेवायला नाही!"

"घरात पाऊल टाकेल ती पाहुणी. बगदादची बाई पाहुणीला उपाशी पाठवते, असं सांगत फिरू दे तिला?"

आली ती कोवळी पोर होती. "नको, नको" करत होती. आई म्हणाली, "अगं, काडी झालीयस नुसती! तुझ्या सासूला पाठव माझ्याकडे, बघते तिला." पोरगी खळखळून हसली, पोटभर जेवली, जाताना आईचा हात हातात घेऊन बसली. आणि डोळ्यांना दिसलं तेच तिने लिहिलं. घरची परिस्थिती चांगली आहे.

मदत बंद झाली. मी ऑफिसात गेले. म्हटलं, साहेब, गालिचा उसना होता. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "बाई, सगळे हेच सांगतात."

गरीब दिसणंही जमावं लागतं, ताई. आपल्याला ते कुणी शिकवलंच नाही.

आईला राग नाही. "पोरगी नीट जेवली ना? मग झालं."

बगदादच्या सरकारी इस्पितळात डायलिसिस फुकट होतं, म्हणते ती, आणि परत निघालीय. तिथली यंत्रं चालू आहेत का, तिथवरचा रस्ता पार करता येतो का, ते तूच जाणतेस. मी तिला अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवू? हे पत्र तुला देणारा हात तिचाच असेल.

तिच्या तिथल्या घरात आता परके लोक राहतात, हे मी तिला सांगितलेलं नाही. तेवढं तू सांग. आधी जेवू घाल.

आम्ही निघालो तेव्हा तू मोटारीमागे भांडंभर पाणी ओतलंस, गेलेलं माणूस परत यावं म्हणून. तुझं पाणी लागू पडलं. उद्या मीही तिच्यामागे ओतेन. पण आता इकडे परत येताना सीमेवर व्हिसा मागतात, आणि आपल्यासारख्यांना तो देत नाहीत. माझं पाणी तिथेच अडेल.

आईला तुझ्या दारी पाठवून इथे राहिलेली,
नजीहा