खेकड्याचं चिलखत

३ जून, मंगळवार

...तिसरा वार बसला तरी ती पडली नाही. भालेवाला कंटाळून निघून गेला. मी खडकाआड होतो. ढाल घेऊन धावणारच होतो. तेवढ्यात प्रसंग संपला.

ज्योत्स्ना ऑनलाइन. फेब्रुवारीत माहेरी परंदवडीला गेली, त्यानंतर पहिल्यांदाच. अंगावर खेकड्याचं चिलखत. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्यासाठी मीच आमच्या स्टुडिओच्या गेममध्ये बनवलेलं. चाल मंद आणि तिरकी, पण मार कमी लागतो. लहानपणी ती वडलांबरोबर ओढ्यात खेकडे धरायला जायची, त्यावरून सुचलं होतं.

ती कुणाशी लढली नाही. गेममधल्या ओढ्याकाठी नुसती उभी राहिली. अर्थ उघड आहे. वाट बघते आहे.

ठरवलं: आठवडाभर मेसेज करायचा नाही. माणसाला स्वाभिमान हवा.

संध्याकाळी मेसेज केला. कशी आहेस? बऱ्याच वेळाने उत्तर आलं: बरं हाय.

चिडली की ती मुद्दाम आबांसारखं, म्हणजे तिच्या वडलांसारखं बोलते. अजून चिडते आहे. चांगलं लक्षण.

४ जून, बुधवार

ऑफिसची मीटिंग. चैतालीने, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकिणीने, नव्या मुलांना माझी ओळख करून दिली. हा पवन. लोणावळ्याजवळ कुसगावला बसून काम करतो. गेमचा तोल हा बघतो. एखादी तलवार फार चालायला लागली की तिची धार कमी करतो. कुणी घालत नाही त्या चिलखताला बळ देतो. मग मला म्हणाली, यांना तुझा नियम सांग.

सांगितला. एका माणसासाठी आकडा हलवायचा नाही.

मुलं प्रभावित वाटली.

संध्याकाळी त्याच भालेवाल्याने ज्योत्स्नाला मारलं. चिलखत शंभरातला चाळीस मार अडवतं, ते पुरलं नाही. पंचावन्न केलं. कारण लिहिलं: नवीन खेळाडूंची सोय. हे एका माणसासाठी नाही. खेकड्याच्या चिलखतावर अन्याय होतच होता. मला तो आज दिसला, एवढंच.

६ जून, शुक्रवार

आल्या आल्या ती जयभीम लिहिते. पूर्वी मला हाय करायची. नात्याला गांभीर्य आलं आहे.

आज दोघं ओढ्याच्या कडेने वरपर्यंत चाललो. तिच्यावर छाप पडू नये म्हणून मी साधी तलवार घेतली होती. मधेच तिने विचारलं, जेवलास का? मी म्हटलं, मॅगी. ती म्हणाली, भाकरी शिक.

संसारात असताना हे तिने कधी विचारलं नव्हतं. तेव्हा ती स्वतःच जेवण वाढायची, हे खरं आहे. पण विचारलं नव्हतं.

भाकरी शिकायची. उद्यापासून.

९ जून, सोमवार

भाकरी राहिली. पीठ नव्हतं.

चिलखत सत्तरवर नेलं. कारण लिहिलं: खेकड्यांना न्याय. थोडा गोंधळ झाला आहे. सगळ्यांनीच खेकड्याचं चिलखत चढवलं. रणांगणभर खेकडे. तिरके चालतात, एकमेकांना मारतात, कुणी मरत नाही. एक लढाई दुपारी सुरू झाली ती मी जेवून झोपून उठलो तरी चालूच होती.

चैतालीचा फोन. हे काय चाललंय? म्हटलं, खेळ प्रगल्भ होतो आहे. ती म्हणाली, पवन, लोक शिव्या देतायत. म्हटलं, आधी देतातच.

खेकड्यांच्या त्या गर्दीत ज्योत्स्ना तेवढी ओढ्याकाठी निवांत उभी होती. आता तिला कुणी मारत नाही. एवढं तरी मी करू शकलो.

१२ जून, गुरुवार

घरमालकीण सरूबाई पाणी बघायला वर आल्या. गॅलरीतली ज्योत्स्नाची कुंडी बघून म्हणाल्या, मोगरा वाळला की वं. ज्योत्स्नाताई येनार हायेत का न्हाई? म्हटलं, येणार. बोलणं चालू आहे. त्या म्हणाल्या, कुटं? म्हटलं, ऑनलाइन. सरूबाईंनी पदराने कठडा पुसला. म्हणाल्या, जाऊन आना की मानसासारखं. मोबाइलमदनं बायका येत न्हाईत, पार्सल येतंय.

त्यांना या क्षेत्राची माहिती नाही.

तरी विचार केला. फोन करायचा का? नको. गेम हा मार्ग तिने निवडला आहे. तिच्या निवडीचा मान ठेवला पाहिजे. पूर्वी ठेवला नाही, अशी तिची तक्रार होती.

तिची दुसरी तक्रार कामाच्या गुणांबद्दल होती. घरात भांडण नको म्हणून मी कामांना गुण ठरवले होते. चहाला दोन, सिलिंडर वर आणायला पाच. महिनाअखेर ज्याचे कमी भरतील त्याने पुढच्या महिन्यात भरून काढायचे. व्यवस्था निर्दोष होती. ती ताप येऊन पडली त्या आठवड्यात मी तिला सूटही दिली होती, निम्मी. जाताना ती म्हणाली, मला कमीजास्त करू नकोस रे. माझ्याशी बोल.

आता रोज बोलतो आहे.

मोगऱ्याला पाणी घातलं.

१५ जून, रविवार

आज धीर करून विचारलं, घरी कधी येतेस?

खेकडा दोन पावलं तिरका सरकला. मग आलं: गुडघा लय दुखतो. जिना न्हाई चढवत.

मला माहीतच नव्हतं. सोमाटण्याच्या लॅबमधल्या नोकरीत दिवसभर उभं राहून झालं असणार. लगेच गुडघ्याचा पट्टा आणि तेल मागवलं, परंदवडीच्या पत्त्यावर, तिच्या नावाने. माप विचारलं तर म्हणाली, मोठं घे.

सरूबाईंना सांगायला हवं. पार्सल इकडूनही जातं.

१८ जून, बुधवार

चैतालीने निकाल दिला. चिलखत पुन्हा चाळीसवर. मंगळवारी पहाटेच्या अपडेटमध्ये. खेळाडू सोडून चालले आहेत. मी तात्त्विक भूमिका मांडायला घेतली. ती म्हणाली, बदलांची कारणं मी वाचली, पवन. खेकड्यांना न्याय? पुढचं ती मालकीण म्हणून बोलली नाही. ती आमच्या लग्नाला आली होती. म्हणाली, ज्योत्स्नाला फोन कर.

सगळे फोन कर, जाऊन आण, असंच सांगतात. कल्पकता कुणाकडे नाही.

२० जून, शुक्रवार

ज्योत्स्नाला सांगितलं, चिलखत मंगळवारपासून कच्चं होणार. ती म्हणाली, नको करू. मी म्हटलं, माझ्या हातात नाही. मग म्हणाली, पट्टा झ्याक बसला.

मी लिहिलं, रविवारी येतो. न्यायला.

उत्तर आलं नाही. होकार धरला.

२२ जून, रविवार

बाइकने निघालो. समोरून पुण्याच्या गाड्यांची रांग, माझी बाजू रिकामी. शुभ वाटलं. चिक्की घेतली होती. मनात वाक्यं तयार होती.

परंदवडीला अंगणात बाजेवर आबा बसले होते. पाय लांब केलेला. गुडघ्याला पट्टा. हातात ज्योत्स्नाचा जुना फोन. त्यात ओढा, ओढ्याकाठी खेकडा.

म्हणाले, या पावनं. जयभीम. बसा.

बसलो.

आतून सासूबाई, झुंबरबाई, ओरडल्या, कोन हाय? आबा म्हणाले, जावई हायेत. त्या म्हणाल्या, मोबाइलमदले का खरे?

आबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं मी आहे? म्हणाले, डोक्यावर नाव आसतंय की तुमच्या. पवन कुसगाव. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? आबा पट्टा नीट करत राहिले. म्हणाले, बोललो आसतो तर आला आसता का रोज? ऑपरेशन झाल्यापास्नं ओढ्याला जाता येत न्हाई. पोरगी म्हनली, ह्यात वढा हाय, बगा. लोक लय मारायचे. मग मारायचे थांबले. मला वाटलं, माझं वय बगून थांबले.

ज्योत्स्ना चहा घेऊन बाहेर आली. पाहुण्यांच्या कपात. लॅबला दोन दिवस सुट्टी होती. बारीक झाली आहे, किंवा मला आठवत नव्हतं.

ती म्हणाली, आबा मला रोज सांगायचे. आज मॅगी खाल्ली म्हनतोय. आज गुडघ्याचं विचारलं. मी आबांना म्हटलं, त्याला सांगू नका. त्याला स्वतःला कळू दे. मला वाटायचं, आज कळेल.

मी म्हटलं, चिडलीस की तू असंच बोलतेस ना.

ती म्हणाली, मी कधी बोलले असं?

मी आठवून बघितलं. एकदाही नाही.

ती म्हणाली, तीन आठवडे मी समजून बोललास, पवन. आणि ती मी नव्हते, हे तुला एकदाही जाणवलं नाही. मग तू चार वर्षं कुणाशी बोलत होतास?

मी चिक्की काढून बाजेवर ठेवली.

निघताना ती म्हणाली, मंगळवारी येऊन शिलाई मशीन नेते. आबा फाटकापर्यंत आले, काठी टेकत. हळू म्हणाले, ते चिलखताचं बगा जरा. ते हाय म्हून निवांत उभं ऱ्हाता येतंय.

म्हटलं, बघतो.

२३ जून, सोमवार

चैतालीला विचारलं. एकाच खेळाडूचं चिलखत सत्तर ठेवता येईल? एक म्हातारा माणूस आहे, कुणाला मारत नाही. ती म्हणाली, तूच त्या मुलांना सांगितलंस ना, एका माणसासाठी आकडा हलवायचा नाही?

नियम चांगला आहे. माझाच आहे.

चाळीस लिहून पाठवलं. कारणाच्या जागी लिहिलं: पूर्ववत.

हरकत नाही. दुसरा उपाय आहे. उद्यापासून मीच आबांच्या शेजारी ढाल घेऊन उभा राहणार. रोज. त्यांना संध्याकाळी तसं सांगितलंही. ते म्हणाले, बरं. मी पाटं उठतो. पाटंच येतो वढ्याला. म्हटलं, मीही येतो.

ज्योत्स्ना मशीन न्यायला येईल तेव्हा आबा तिला सांगतील, जावई उभे होते. मग ती बसेल. भाकरी करून ठेवावी का? पीठ आणलं. पाच वाजताचा गजर लावला. ढाल सर्वांत मोठी निवडली.

२४ जून, मंगळवार

साडेनऊला जाग आली. अपडेट पहाटे गेला होता. गेमच्या नोंदीत दिसलं, आबा सव्वापाचला ओढ्यावर आले, आणि चौथ्या वाराला पडले. दोनदा मदत मागितली. जवळ कुणी नव्हतं. अकराच्या सुमारास ज्योत्स्ना टेम्पो घेऊन आली आणि मशीन घेऊन गेली. मोगऱ्याला पालवी आली होती, तोही नेला.