हंडी, चित्र आणि विहीणबाईंचा शेला

३ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी प्रज्ञेशचे आईवडील मळवलीला येणार. आमच्या करिष्माचं त्याच्याशी जवळजवळ जमलंय. मी फोनवर सांगून बसलोय, आमचा बंगला सगळा अँटिक वस्तूंनी सजवलेला आहे. सध्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आणि बँकेचं कॅलेंडर. हरकत नाही, आठवडा आहे हातात. आयुष्य बँकेच्या व्हिजिलन्समध्ये गेलं. मला कोण फसवणार?

४ नोव्हेंबर
लोणावळ्यात निवृत्तीचं जुन्या सामानाचं दुकान. छताला टांगायची लाल काचेची हंडी आवडली. निवृत्ती म्हणाला, "साहेब, नवी हाय ही. जुन्यावानी दिसती फकस्त."
दुकानदार आपणहून माल नवा म्हणतो? म्हणजे अस्सल जुनी असणार, बड्या गिऱ्हाइकासाठी दाबून ठेवलेली. हट्टाने घेतली. बिलावरही 'नवी' लिहिलं त्याने. पक्का बेरकी.

६ नोव्हेंबर
आज प्रेरणाला घेऊन पुन्हा दुकानात. निवृत्तीने लक्ष्मीचं शिळाछापाचं चित्र बाहेर काढलं. कडा कुरतडलेल्या, मागे डाग. "हे मातर लय जुनं, साहेब."
डाग चहाच्या पाण्याने पाडतात. हसून परत दिलं. प्रेरणा म्हणाली, अहो घ्या ना, किती सुंदर आहे. बायकोला कमिशन असेल का, असं क्षणभर वाटून गेलं. नसावं. तरी लक्ष ठेवायचं.

८ नोव्हेंबर
हंडी लागली. कैलास वायरमन म्हणाला, बरं झालं, आत एलईडीचा होल्डर बसवूनच आलाय. पूर्वीच्या कारागिरांची दूरदृष्टी!

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
पाहुणे येऊन गेले. व्याही म्हणाले, अशीच हंडी आमच्या गॅलरीत आहे, गेल्या दिवाळीत घेतली. आपल्याकडे केवढी जुनी वस्तू आहे हे त्यांना माहीतच नाही. मी त्यांना भजी वाढली.
मग विहीणबाईंनी पिशवीतून जरीचा शेला काढून करिष्माच्या खांद्यावर टाकला. त्यांच्या सासूबाईंचा. करिष्माचे डोळे भरून आले. मी जवळ जाऊन शेल्याची जर नखाने खरवडली, वास घेतला, आणि केवळ त्यांच्या भल्यासाठी बोललो, "कुणीतरी फसवलंय तुम्हाला. हा मुद्दाम जुना केलाय."
विहीणबाई म्हणाल्या, "माझं लग्न याच शेल्यात लागलं."
मी म्हणालो, फसवणूक तेव्हाची असू शकते.
भजी बरीच उरली.

११ नोव्हेंबर
करिष्मा जेवत नाही, बोलत नाही. दार लावून बसली आहे. प्रेरणा मला न सांगता प्रज्ञेशच्या घरी जाऊन माफी मागून आली. माझ्या वतीने! मी फक्त तपासणी केली होती.
दाराबाहेरून करिष्माला म्हटलं, शेला खरा असण्याचीही थोडी शक्यता आहे. आतून दुसरी कडी लागल्याचा आवाज आला.

१४ नोव्हेंबर
लग्न ठरलं. मला प्रेरणाकडून कळलं. देणंघेणं काही नको म्हणाले. एकच अट: मुलीच्या वडिलांनी लग्नात कुठल्याही वस्तूला हात लावून बघायचं नाही.
कबूल केलं. करिष्मा हसली, पण आईकडे बघून.
बाकी काहीच मागितलं नाही? एवढ्यावर कुणी भागवतं का? काहीतरी गडबड आहे.