उभ्यानं मारायची रायफल

बाबा, गेल्या शनिवारी दादाबरोबर कॅम्पात बंदूक बघायला गेले होते. दचकू नका, कोणाला मारायचं नाहीये. दादाला पन्नाशीत शौक सुचलाय. अमेरिकेत बारा वर्षं काढून आला, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर बसला, बाणेरला अकराव्या मजल्यावर घर झालं, आता रविवारी सकाळी रेंजवर जाऊन तासभर नेमबाजी करायची असं त्याच्या मनानं घेतलंय. स्पर्धा नाही, काही नाही, नुसती मजा. परवान्यासाठी वर्षभर हेलपाटे घातले आणि परवाना हातात पडल्यावर मला फोन केला. "तू चल गं. तुला त्यातलं कळतं." तुमच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, आणि आलं कोणाकडून, तर दादाकडून.

कळतं ते तुमच्यामुळेच, हे नाकारत नाही. खडकीच्या कारखान्यात तुम्ही फिटर, आणि रविवारी नेमबाजी क्लबाच्या रायफली तुमच्या ताब्यात. पुसायच्या, तेल द्यायचं, स्प्रिंग बदलायची, साहेब लोकांनी वेडंवाकडं करून ठेवलेलं सरळ करायचं. त्या बदल्यात क्लब तुम्हाला चहा पाजायचा आणि आम्हा दोघा भावंडांना फुकट गोळ्या मारू द्यायचा. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलेले आहात, समोर वर्तमानपत्रावर एखादा स्क्रू नाहीतर स्प्रिंग, आणि आई ओरडतेय, "अहो, ते तेलाचे हात माझ्या डब्यांना लावू नका!" तुम्ही आमटीची वाटी उपडी करता आणि मला दाखवता, पॉइंट टू टूच्या काडतुसाला घोडा मध्यभागी नाही, इथे काठावर आपटतो. म्हणून ते स्वस्त, म्हणून त्याचा धक्का नाही, म्हणून तुझ्यासारख्या काडीपहिलवानालाही ते झेपतं. काडीपहिलवान म्हटल्याचा मला राग नव्हता. मी तेव्हा तुमच्याकडे बघत बसायचे, एवढंच आठवतं. माझ्या ओळखीत तुमच्याइतकं हुशार कोणी नव्हतं.

दादा बारावीला एकदा आपटला होता, त्यामुळे आम्ही दोघं एकाच वर्षी बारावीला होतो. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. बाजार उघडला, बाजार उघडला असं जो तो म्हणत होता, कारखान्यात नवी भरती बंद झाली होती, आणि शेजारच्या क्वार्टरमधले काका रोज सांगायचे की पोरांना कॉम्प्युटरला घाला, बाकी सगळं गेलं. इंजिनिअरिंगला खेळाडूंच्या थोड्या जागा असत. राज्य स्पर्धेतलं सर्टिफिकेट असलं की काम व्हायचं. आणि आमचा क्लब त्या वर्षी एकच ज्युनिअर पाठवणार होता, मुलगा असो की मुलगी. निवडीसाठी क्लबातच एका रविवारी चाचणी ठेवली होती. पालथं झोपून वीस गोळ्या, आम्ही दोघं शेजारी शेजारी, एकाच वेळी. वर्षभर सरावात मी दादाच्या पुढे होते. हे मी फुशारकीनं सांगत नाही, गुणांच्या वहीत तुमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

अडचण एवढीच होती की आम्ही दोघं एकच रायफल आळीपाळीनं वापरायचो, ती जुनी बोल्टवाली, दस्त्याला तडा गेलेली. एकाच वेळी मारायचं तर दुसरी हवी. ती आठवडाभरापूर्वीच क्लबात आली होती. कोणा म्हाताऱ्या मेंबरनं दिलेली लिव्हरवाली, परदेशी, नळीखाली गोळ्यांची लांब नळकांडी, अक्रोडाचा दस्ता. खालची कडी हातानं पुढे ढकलायची की रिकामी पुंगळी टुणकन बाहेर, मागे ओढली की नवी गोळी आत. तुम्ही मला ती एकदाच मारू दिली होती, रेंजच्या मागे, उभ्यानं, रंगाच्या रिकाम्या डब्यांवर. सहा गोळ्या, सहा डबे. मी नाचायची बाकी होते.

मग तो शुक्रवार. सकाळची वेळ, आई पोळ्या लाटतेय, दादा आंघोळीला गेलाय. तुम्ही चहाची बशी खाली ठेवता आणि विचारता, "रविवारी तू कोणती घेतेस? तुझा पहिला हक्क. तू सांगशील ती." मी एक क्षणही विचार केला नाही. लिव्हरवाली, म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत, आणि मला वाटलं, खूश झालात. "ठीक आहे," म्हणालात, बशी उचललीत आणि उरलेला चहा संपवलात. आईनं माझ्या ताटात गरम पोळी टाकली. मला तर वाटलं होतं, मुलीला पहिला हक्क देणारा बाप आख्ख्या खडकीत एकच असेल.

रविवारी सतरंजीवर पालथी झाले, पहिली गोळी मारली, निशाणावरच्या काळ्याच्या मधोमध. दुसऱ्या गोळीसाठी कडी पुढे ढकलली आणि ती खाली सतरंजीला थडकली. अर्ध्यात अडकली. रायफल उचलावी लागली, कोपर हलला, खांद्यातली बैठक गेली, सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवायचं. दर गोळीला हे. दादा शेजारी बोल्ट मागे घेतोय, पुढे सारतोय, अंग तसंच ठेवून, संथपणे. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात जातोय, नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसत नाहीये, वेळ संपत आलाय आणि अजून आठ गोळ्या बाकी. शेवटच्या तर मी नुसत्या उडवल्या. उठून तुमच्याकडे आले आणि म्हणाले, "बाबा, ती कडी खाली लागते." तिथे सेक्रेटरी उभे होते, दोन मेंबर होते, दादा होता. तुम्ही म्हणालात, "हत्याराला नावं ठेवायची नसतात. हात स्थिर नाही तुझा." आणि पेट्रोलचा बोळा घेऊन नळी साफ करायला बसलात. माझ्याकडे मान वर करून बघितलं नाहीत.

मी ते खरं धरलं हो. तुम्ही म्हणालात म्हणजे संपलं. दादा स्पर्धेला गेला, कसाबसा नंबरात आला, सर्टिफिकेट मिळालं, त्याला इंजिनिअरिंग मिळालं. मला चार मार्कांनी हुकलं. बीएस्सी केलं, लक्ष्मी रोडवर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला, एका कंपनीत टेस्टिंगला लागले. आज माझ्या हाताखाली पंधरा जण आहेत, माझं काही वाईट झालेलं नाही, उगाच रडगाणं गात नाही. पण रायफलीला मी पुन्हा हात लावला नाही. कांदेपोह्यांच्या वेळी ट्रे आईच्या हातात दिला, माझा हात हलतो म्हणून. ऑफिसात भिंतीवर तो लाल ठिपका पाडून बोलायचं असतं, ते मी ज्युनिअरला करायला लावते, ठिपका थरथरेल म्हणून. एकदा डॉक्टरांना हातही दाखवले. त्यांनी पुढे धरायला सांगितले, बघितलं आणि म्हणाले, "बाई, या हातांना झालंय काय?" मला वाटलं, यांना काय कळतंय. लोकांच्या कामातल्या चुका शोधून काढायचा मी पगार घेते, बाबा. आणि ही एक चूक मला इतक्या वर्षांत सापडली नाही.

ती त्या कॅम्पातल्या दुकानदारानं अर्ध्या मिनिटात काढून दिली. म्हातारा माणूस, चष्मा दोरीला बांधलेला. दादानं काउंटरवर दोन काढायला लावल्या, एक बोल्टवाली आणि एक लिव्हरवाली, जवळजवळ आपल्यासारखीच. मी नळीतून उजेडाकडे बघितलं, आत गंज नव्हता. कडी चालवून बघितली, लोण्यासारखी. दस्ता खांद्याला लावला. दादा म्हणाला, "हिच्यावर दुर्बीण बसेल का?" म्हातारा म्हणाला, "साहेब, पुंगळी वरून उडते. दुर्बीण बसवाल तर ती दुर्बिणीच्या पाया पडून परत आत येईल." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मारणार कसे? उभ्यानं का झोपून?" दादा म्हणाला, दोन्ही. तो हसला. "झोपून विसरा. कडी जाणार कुठे, जमिनीत? ही उभ्यानं मारायची रायफल. मजेखातर हवी असेल तर हिच्यासारखी नाही. पण झोपून मारायला ही देणारा एकतर अडाणी असेल, नाहीतर दुश्मन."

तुम्ही अडाणी नव्हतात. एवढं मला तिथल्या तिथे कळलं. हात काउंटरवर तसाच राहिला आणि मी तो बघत होते. जराही हलत नव्हता मेला.

बाहेर आलो. दादा गाडीची किल्ली शोधत होता. मी म्हणाले, "दादा, चाचणीच्या वेळी माझ्याकडे लिव्हरवाली होती, आठवतं?" तो म्हणाला, "आठवतं की! मीच तर ती मागणार होतो. गुरुवारी बाबांना म्हणालो, तर मला कारखान्याच्या गेटपाशी बाजूला घेऊन म्हणाले, 'चाचणीला लिव्हरवाली घेऊ नकोस, झोपून चालत नाही ती. बोलू नको कुठे.'" इतकं सहज म्हणाला. मग माझं तोंड बघितलं आणि तो किल्ली शोधायचा थांबला. "अगं," म्हणाला, "मला वाटलं, तुलाही सांगितलं असेल." खोटं बोलत होता की खरं, मला ठरवता आलं नाही.

गुरुवारी त्याला सांगितलंत आणि शुक्रवारी मला विचारलंत. पहिला हक्क! मी गेले आठ दिवस तुमच्या बाजूनं वकिली करून बघतेय. तिला मार्क आहेत, ती कुठेही तरेल. त्याला काहीच नाही, तो कारखान्याच्या गेटबाहेर बसून राहील. मुलगी काय, लग्न होऊन जाईल. यातलं काहीतरी तुमच्या मनात असणार, आणि तुमच्या जागी बसून बघितलं तर मला ते समजतंही. तुम्ही सरळ म्हणाला असतात की यंदा दादाला जाऊ दे, तर मी दोन दिवस जेवले नसते, रडले असते, आणि सोडून दिलं असतं. घराघरात होतंच की. पण तुम्हाला माझं रडणं बघायचं नव्हतं. तुम्हाला मला न्यायही द्यायचा होता आणि दादाला जागाही द्यायची होती. म्हणून निवड माझ्याकडून करून घेतलीत, आणि वर चारचौघांत माझ्या हातावर ठपका ठेवलात. तो ठपका तरी कशाला ठेवायचा होता बाबा? मी तर तेव्हाच हरले होते.

शेवटच्या आजारात मी तुम्हाला चमच्यानं पेज भरवायचे, तेव्हा तुम्ही माझ्या हाताकडे बघत राहायचात. एकदा म्हणालात, "सांडत नाही तुझ्याकडून." मला ते कौतुक वाटलं. लाजच वाटायला हवी होती तुम्हाला, आणि कदाचित वाटतही असेल. पण तेवढं वाक्य बोलून तुम्ही तोंड फिरवलंत, पुढचं बोलला नाहीत. दोन महिने होते तुमच्यापाशी.

दादानं ती लिव्हरवालीच घेतली. मीच घ्यायला सांगितली. त्याच्या कामाला तीच बरोबर आहे, आणि मी त्याला झोपून मारू नको हेही दोनदा बजावलं. रविवारी मला रेंजवर बोलावतोय. जायचं की नाही ते ठरलेलं नाही.

हे पत्र आधी दादाला वाचायला द्यायचं असं मनात होतं. कळू दे त्यालाही, म्हटलं. पण परवापासून एक गोष्ट मनात घोळतेय, आणि ती लिहिली तर त्याला हे देता येणार नाही. त्या गुरुवारी गेटपाशी तुम्ही त्याच्याऐवजी मला बाजूला घेतलं असतंत, माझ्या कानात सांगितलं असतंत, बोलू नको कुठे म्हणाला असतात, तर मी बोलले नसते. लबाडी केलीत म्हणून माझा एवढा जीव जळत नाही बाबा, ती माझ्यासाठी केली नाहीत म्हणून जळतो. चाचणीच्या रविवारी दादानं सतरंजीशेजारी ती लिव्हरवाली उचलली असती ना, तर वरून मीच त्याला म्हणाले असते, घे रे, तुला शोभते.