आण्णांचा डावा हात

गुरुवार, दिवेलागण

आत्ताच आण्णांचा श्रीगोंद्याहून फोन आला. आवाज खणखणीत! चार दिवस कोरोनाचा ताप होता, पण उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीतच, त्या झोपडीत, गोळ्यांवर बरे झाले. शेजारच्या कोपीतले नाना मात्र ऑक्सिजनवर आहेत. त्यांनी लस घेतलीच नव्हती.

आण्णांची टोळी ऊसतोडीला निघाली त्याच्या आदल्या दिवशी मीच आण्णांना ओढत दुसऱ्या डोसला नेलं. सिस्टर सगळ्यांच्या डाव्या दंडाला टोचत होत्या, कोयता उजव्या हातात असतो म्हणून. आण्णांनी सुईच्या भीतीने डोळे मिटलेले. आणि मी, पोटची पोरगी, विसरले की माझा बाप डावखुरा आहे! दोन दिवस त्यांना कोयता उचलेना. फोनवर केवढे तापले माझ्यावर. वाटलं, उगाच नेलं का?

सिस्टर म्हणतात, लस घेऊनही आजार होतो, पण दवाखान्यात भरती व्हायची पाळी फार कमी जणांवर येते. आण्णा भरती व्हावं न लागणाऱ्या बाकीच्या बहुतेकांतले निघाले. देवा, नानांनाही उठव.

फोन ठेवताना आण्णा म्हणाले, "बाय, पुढचा डोस कवा हाय? या बारीला मी डोळं उघडं ठेवतो."