ओळ कुणाची

६ मार्च, बुधवार

फर्गसनं आज पार गोंधळात टाकलं! आमच्या मिल्टन कीन्सच्या फोक क्लबमध्ये त्याच्या आजीचं स्कॉटिश गाणं शिकवत होता — मासे साफ करता करता ती म्हणायची ते. मी सहज विचारलं, म्हणजे लोकगीतच ना? तर हसला. म्हणे, अर्धंमुर्धं. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचा तो मोठा कवी मोडकीतोडकी गाणी गोळा करायचा. कुठे कडवं गळालेलं, कुठे नुसती चाल उरलेली. हा आपले शब्द घालायचा, कितीदा तर नावही लावायचा नाही. "आजीला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्याचेच शब्द गायची, वर स्वतःचेही घालायची."

मग आजीचं कुठलं, त्याचं कुठलं?

"सांधा सापडला तर मलाही सांग!"

७ मार्च

मीही तेच केलंय की! माझा लेक समर झाला तेव्हा फर्गसच्याच एका चालीवर अंगाई रचली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एकदाच गायले. नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१० मार्च, रविवार

नॉटिंगहॅमला नवऱ्याच्या — अंशुमनच्या — मित्राकडे बारसं. पाळण्याशी एक मुलगी गायला उभी राहिली — तनिषा, इथेच जन्मलेली, नर्सिंग शिकते. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. माझी अंगाई! शब्द न् शब्द! फक्त शेवटी माझं "तूही नीज रे राजसा" नाही. ती गायली —

वारा निजला, पाणी निजलं, माझं मन गं निजेना.

बायका डोळे पुसत होत्या. मीही. आणि रागही आला!

"कुणाचं गं हे?"

"माझ्या आजीची आहे, मावशी. खूप जुना गाणं. ट्रॅडिशनल."

आजी जानेवारीत गेली, नागपूरला. मी हातातला पेढा तोंडात टाकला.

गाडीत अंशुमन म्हणाला, "सांगून टाकायचंस ना सरळ!" कसं सांगू? गेलेल्या आजीचं गाणं तिच्याकडून काढून घेऊ? आणि खरं म्हणजे ती ओळ माझ्या ओळीहून चांगली आहे. तेच जास्त टोचतंय.

१३ मार्च, बुधवार

फर्गसला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसला नाही. "गाणं आता स्वतःच्या पायांनी चालायला लागलंय. परत हवंय तुला?"

हो. नाही. माहीत नाही! त्या कवीसमोर कुणी त्याचंच गाणं 'आमच्या आजीचं' म्हणून गायलं असेल, तेव्हा तो गप्प बसला असेल का? मनापासून? की दात-ओठ खाऊन? आणि मी काही कवी नाही. मग मला एवढं का लागावं?

१५ मार्च

समरला निजवताना तोंडून "निजेना" गेलं. "आई, चुकलीस!" म्हणाला. चुकले का?

१७ मार्च, रविवार

तनिषाचा फोन. "मावशी, तुम्ही विचारलं ना, म्हणून मी आईला विचारली. आई म्हणते, आजी आमच्याकडे आली होती तेव्हा मंडळाच्या दिवाळीत ऐकला. कुणीतरी मिल्टन कीन्सची मुलगी गायली. शेवटचा ओळ फक्त आजीची. ती मुलगी कोण, तुम्हाला माहीत आहे?"

"मीच ती," म्हटलं.

ती एकदम रडायला लागली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिला बघितलं! सांगा ना — कशी ऐकत होती माझी आजी?"

मला काही म्हणजे काही आठवत नाही.